'ज' अक्षरातली उरलेली नावं

अत्-बाशी, नारीन
एप्रिल (पंचांगात वसंत, अंगणात गुडघाभर बर्फ)

माझ्या आदरणीय थोरल्या बहिणीस, आणि आता घराण्यात सगळ्यांत वडील असलेल्या जानिल एजेस धाकट्या तिलेबाल्दीचा वाकून सलाम.

तुझी जनावरं कशी आहेत? घोडी व्याली का? मेंढ्यांना यंदा खोकला नाही ना? तिकडं तलासमध्ये राजम्याचं रान नांगरून झालं असेल. हे सगळं ठीक असलं तर मग तुझी तब्येत कशी आहे, आणि गुडघा? आमची जनावरं खुशाल आहेत. गाय दूध देते, कोंबड्या अंडी देत नाहीत, आणि तुझी भावजय कालिपा दोन्हीकडच्यांना सारख्याच शिव्या देते. माझी पाठ धरली आहे, पण पाठ जनावरांत मोडत नाही म्हणून शेवटी लिहिली. फोनच केला असता, पण तू तो आरशासारखा तोंडासमोर धरतेस आणि मला सबंध वेळ तुझ्या कपाळाशी बोलावं लागतं. शिवाय हे काम कागदावरच झालं पाहिजे असं कालिपाचं म्हणणं आहे. या घडीला ती माझ्या शेजारी बसून लोकर पिंजते आहे. तिचा चष्मा गेल्या आठवड्यात वासरानं चघळला, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद मला तिला मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. (कंसातलं मी वाचत नाही. तू मात्र ते नीट वाच.)

तर बातमी अशी की आपल्या मिर्लानला तिसरी मुलगी झाली. आज एकोणतिसावा दिवस. बाळ गुटगुटीत आहे, आवाज आपल्या वडिलांचा आहे, केस आत्ताच वेणी घालण्याजोगे आहेत. सगळं आहे, फक्त नाव नाही. मी तिला 'बाळी' म्हणतो, कालिपा 'ही' म्हणते, आणि थोरल्या दोघी, जिपार आणि जाझगुल, तिला 'नवी' म्हणतात. जन्मनोंदणीच्या कचेरीतल्या बाईंचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, की आजोबा, रकाना रिकामा ठेवता येत नाही, वाटलं तर मी सुचवते, हल्ली जेनिफर फार चालतंय. बाळाच्या कानात नाव सांगायला मुल्लासाहेबांनाही आम्ही रीतसर बोलावलं होतं. त्यांनी दोन ताटं मटण संपवलं, हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, कानाशी तोंड नेलं आणि मान वर करून विचारलं, "काय सांगू हिला?" कालिपानं सुनेकडं, एलनुराकडं पाहिलं, एलनुरानं किटलीकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. शेवटी मुल्लासाहेबांनी बाळाच्या कानात "जरा थांब, पोरी" एवढंच सांगितलं आणि ते निघून गेले.

हे घोडं कुठं अडलं ते समजायला आपल्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांच्या कळपातल्या घोड्यांच्या पुठ्ठ्यावर सहा पायांच्या किड्यासारखं दिसणारं, आपल्या रशियन लिपीतलं ते 'ज' डागलेलं असायचं. कुठलाही घोडा कुठंही गेला तरी कुणाचा ते कळलं पाहिजे, असा त्यांचा नेम. हाच नेम त्यांनी मुलींना लावला. जुमागुल शुक्रवारी झाली म्हणून शुक्रवारचं फूल. जिबेक म्हणजे रेशीम. जिल्दिझ म्हणजे आभाळातला तारा. इथवर वडील खुशीत असावेत. मग तू आलीस. चौथीही मुलगीच पाहून त्यांनी फुलं, रेशीम, आभाळ सगळं सोडलं आणि तुझं नाव जानिल ठेवलं, म्हणजे 'चुक'. ते तुला उद्देशून नव्हतं, नशिबाला होतं. चार वेळा नेमानं मुलगीच पाठवलीस बाबा, आता पुढच्या खेपेला तरी चुक आणि मुलगा पाठव. तीन वर्षांनी मी आलो. माझं नाव तिलेबाल्दी, मागून घेतलेला. (सदुसष्ट वर्षं मी हे आनंदानं मिरवलं. गेल्या आठवड्यात शेगडीपाशी बसून पहिल्यांदाच नीट विचार केला. नशिबाला चुक म्हणून सांगितलं, आणि त्यावर मी जन्मलो. मग चूक कोण? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.)

आता कालिपाचं म्हणणं असं, की नातीचं नाव जानिलच ठेवायचं. अक्षर घराण्यातलं आहे, नाव घराण्यातलं आहे, आणि मुख्य म्हणजे ते एकदा लागू पडलेलं आहे. पुरावा काय, असं कुणी विचारलं तर ती चमच्यानं माझ्याकडं दाखवते. मिर्लान आमचा एकच मुलगा, तोही मॉस्कोत बस चालवतो. उद्या आपल्या चुलीचा धूर कोण चालू ठेवणार, हा घोर तिला लागला आहे. मिर्लानला फोनवर विचारलं तर तो "तुम्ही ठरवाल ते" म्हणाला. लग्नाच्या वेळीही हेच म्हणाला होता. (कालिपा वाईट नाही, एजे. मिर्लानच्या आधी तिला दोन मुली झाल्या तेव्हा आपली आई तिच्या चहात दूध कमी घालायची. सगळ्यांचा चहा पांढरा, तिचा काळा. मी समोर बसून माझा पांढरा चहा पीत होतो. आज ती सुनेला धारेवर धरते तेव्हा मला तो चहा दिसतो आणि मी गप्प बसतो. तेव्हाही गप्पच होतो.)

सून म्हणजे एलनुरा. तू तिला लग्नात पाहिलीस आणि नंतर जाझगुलच्या पाळण्याला. मुलगी गुणी आहे, पण फार म्हणजे फारच रीतभात पाळणारी. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हे आपल्याकडं सगळ्याच सुना पाळतात, निदान पहिलं वर्षभर तरी. ही सात वर्षं पाळते आहे. नुसती नावंच नाही, त्या नावांत दडलेले शब्दही. तिच्या दुर्दैवानं आपल्या घरातल्या बायकांच्या नावांत निम्मा बाजार आहे. जुमागुलमुळे तिला शुक्रवार म्हणता येत नाही, ती 'गुरुवारच्या पाठचा वार' म्हणते. जिल्दिझमुळे तारे गेले, ती पोरींना 'आभाळातले खिळे' दाखवते. थोरल्या तिघी वारल्या तरी ही सवलत घेत नाही. एकदा कालिपानं तिला रेशमी रुमाल आणायला दुकानात पाठवलं. जिबेकच्या मानापायी हिनं दुकानदाराकडं 'किड्याच्या लाळेचा रुमाल' मागितला. दुकानदार म्हणाला, "ताई, आमच्याकडं सगळा माल स्वच्छ असतो." तुझ्या नावामुळं तर मोठीच पंचाईत. 'माझं चुकलं' असं तिला म्हणताच येत नाही, कारण त्यात तू आहेस. दूध उतू गेलं, मीठ जास्त पडलं, तरी ती फार तर 'हात वाकडा पडला' म्हणते. सात वर्षांत या बाईनं एकदाही चूक कबूल केली नाही म्हणून कालिपा गावभर गाऱ्हाणं सांगते. आणि ही रीत तिच्याकडून घोटून कुणी घेतली? कालिपानंच. (हा शेवटचा प्रश्न कंसात घालायचा राहिला आणि मी तो मोठ्यानं वाचला. लोकरीची मूठ माझ्या कानावर आली.)

तर मुल्लासाहेब गेल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कालिपानं जाहीर केलं, की जानिलच ठेवायचं, आता चर्चा नको. एलनुरा चहा ओतत होती. तिनं मला वाटी दिली, कालिपाला दिली, मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात सासूला म्हणाली, "अपा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. तुम्ही ठेवाल ते नाव. फक्त ते तलासच्या आत्यांचं आहे. माझ्या आईनं मला वळण लावून पाठवलंय, तुम्ही त्यावर आणखी लावलंय. ते नाव मरेपर्यंत माझ्या तोंडून निघायचं नाही. पोरगी नदीकडं पळत सुटली तरी मी 'अगं ए' एवढंच ओरडेन."

कालिपाचा घास तोंडातच राहिला. "अगं, पण आईनं लेकीला हाक नाही मारायची?"

"रीत आहे ना, अपा," एलनुरा म्हणाली, आणि तिनं वाटीत आणखी चहा ओतला.

कालिपा माझ्याकडं वळली. "बघा मिर्लानचे बाबा, बघा! गावात सगळ्यांच्या सुना उद्धट आहेत, सासऱ्यालासुद्धा नावानं हाक मारतात. मलाच मेली इतकी संस्कारी मिळायची होती!"

मी मध्ये पडलो. म्हटलं, मला आठ दिवस द्या. 'ज' अक्षरातलं असं नाव शोधून आणतो, की जे घरात कुणाचं नाही, अर्थानं चांगलं आहे आणि दोघींनाही तोंडभर म्हणता येईल. तेहतीस वर्षं मी हवामान केंद्रावर ढगांची नावं लिहिली, एवढं काम मला जड नाही. केंद्रावरची एक जुनी वही होती. तीत 'दिशा', 'वेग', 'दाब' असे रकाने होते. ते खोडून मी 'नाव', 'अर्थ', 'कुणी ठेवलं' असे केले आणि निघालो.

नारीनच्या बसमध्येच पहिली सापडली. माझ्या शेजारी ऐंशीला टेकलेल्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर वाळक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी. नाव जेनिशगुल, विजयाचं फूल. युद्ध संपल्याची बातमी गावात आली त्याच दिवशी जन्मल्या. मी खूश होऊन म्हटलं, वा, किती आनंदाचं नाव! त्या म्हणाल्या, "आनंदाचं तर खरंच. गावात त्या वसंतात आम्ही पाच जेनिशगुल जन्मलो. शाळेत मास्तरांनी हजेरीला 'विजय' म्हटलं की पाच जणी उभ्या राहायच्या, आणि परीक्षेत पाचही जणी आपटायच्या." थोड्या वेळानं त्यांनी मला एक गोळी दिली आणि म्हणाल्या, "पाचांपैकी एकीचाच बाप परत आला. तो आम्हा सगळ्यांना मिठाई द्यायचा." मी वहीत अर्थ लिहिला. 'कुणी ठेवलं' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. आजी म्हणाल्या, "लिहा, आईनं. एकटीनं."

एजे, मला या कामात असा काही रस वाटू लागला की पाठही विसरलो. माणसाला नाव एकदाच मिळतं, ते दुसऱ्यानंच दिलेलं असतं, आणि तरी ते ज्याचं त्यालाच जन्मभर वाहावं लागतं. मी कितीतरी वर्षं वारा कुठून येतो ते पाहिलं, पण नाव कुठून येतं ते कधी पाहिलं नव्हतं. बाजारात मी सरळ विचारतच सुटलो. मधवाली निघाली जायनागुल, बहरलेलं फूल. तिच्या आईला वर्षभराच्या आजारातून उठल्यावर ती झाली. लोकरीच्या नमद्याच्या सपाता विकणारी निघाली जुझुमकान, म्हणजे द्राक्ष. तिच्या वडिलांनी दक्षिणेला ओश शहरात जाऊन जन्मात पहिल्यांदा द्राक्षं खाल्ली, आणि घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मी विचारलं, "तुमची जन्मतारीख? वडील हयात आहेत का? घरी कोण कोण असतं?" (रकाने भरायचे म्हणून विचारलं, एजे, शपथ.) बाईंनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "ए, इकडे ये! हे आजोबा माझी माहिती लिहून घेतायत. मी विधवा आहे ते सांगू का?" शेजारीण म्हणाली, "सांग, पण आधी त्यांच्याकडं मेंढ्या किती ते विचार."

मी घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती, की तिलेबाल्दी हातात वही घेऊन बाजारात 'ज' अक्षराची बायको शोधतोय. कालिपा दारातच उभी होती. म्हणाली, "आणा ना! नवी आणा! निदान तिचं नाव तरी नातीला देता येईल." तीन दिवस माझ्या चहात दूध नव्हतं. (ते बरोबरच झालं असं मला वाटलं.)

चौथ्या दिवशी वही पुढे केली. कालिपानं एकेक नाव ऐकून घेतलं. जायनागुल? "बहर आला की पुन्हा फूलच लागणार. मुलगा कुठून लागेल?" जुझुमकान? (या नावाला मी आवाज मुद्दाम खाली आणला.) "द्राक्षं घडानं येतात. एकीच्या मागं अख्खा घड लागेल!" जेनिशगुल? "विजय कुणावर? माझ्यावर?" वही मिटली. एलनुरा बाळाला घेऊन खिडकीशी बसली होती. ती बाळाकडं बघून नुसते ओठ हलवत होती, आवाज नव्हता.

तेव्हा आता एकच मार्ग उरला, आणि तो कालिपानं काढला आहे. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्या माणसानंच मोकळीक दिली तर सुनेला दोष लागत नाही. म्हणून तुला घराण्यातर्फे नम्र विनंती, की आपली सून एलनुरा हिला तुझं नाव उच्चारण्याची कायमची परवानगी द्यावीस, दोन ओळी लिहून सही करावीस आणि हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरबरोबरच परत पाठवावीस. चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाण्यानं अंघोळ घालायची आहे. चाळीस घरांतून चिंध्या मागून कालिपानं तिचा सदरा शिवून ठेवला आहे, आणि तो खरोखर सुरेख झाला आहे. मुल्लासाहेबांनाही सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, या वेळी नाव आधी, मटण नंतर.

तुझ्या घोडीला सुखरूप शिंगरू होवो. घरातल्या सगळ्यांना आमचा सलाम. एक पिशवी सुकं दही आणि कालिपानं विणलेला गुडघ्याचा गरम पट्टा सोबत पाठवतो आहे.

तुझा धाकटा भाऊ
तिलेबाल्दी

ता. क. कालिपा धार काढायला गेली. एजे, परवानगी देऊ नकोस. देवाशपथ देऊ नकोस. चांगलं खरमरीत लिही, की माझं नाव मी जिवंत असेपर्यंत कुणाला द्यायचं नाही. मला गाढव म्हण, अक्कल नाही म्हण, जे सुचेल ते म्हण. अक्षर मात्र ठळक काढ, कारण ते मलाच मोठ्यानं वाचायचं आहे.

आणखी एक. गाय आज अडून बसलेली दिसते, म्हणून वेळ मिळाला. एलनुराला तुझा राग नाही. परवा मी शेगडीत गोवऱ्या घालत होतो, तेव्हा ती बाळाला घेऊन जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? तलासच्या आत्यांना स्वतःला ते नाव कसं वाटतं हो?" मी म्हटलं, अगं, ते नावच आहे, त्यात वाटायचं काय? ती म्हणाली, "पण लहानपणी त्यांना अर्थ कळला असेल ना, तेव्हा?" बाजारातल्या सतरा बायकांना मी त्यांच्या नावाचं विचारलं. ज्या बहिणीनं मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं तिला सदुसष्ट वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मला एक दिवस आठवतो. तू सहावीत होतीस, मी तिसरीत. तू फळ्यापाशी गणित करत होतीस. उत्तर चुकलं आणि मास्तर म्हणाले, नावाला जागलीस हो पोरी. सगळा वर्ग हसला. मी दारात उभा होतो, मीही हसलो. मला तो विनोद वाटला होता. तू खडू खाली ठेवलास, माझा हात धरलास आणि मला घरी घेऊन आलीस. वाटेत माझी टोपी दोनदा नीट केलीस. एजे, मला लाज वाटते. ती पत्रात लिहायला हवी होती, मी ती इथं खाली लिहितो आहे.

म्हणून खरं मागणं हे आहे. नकाराचा कागद वेगळा लिही, तो मी वाचून दाखवेन. दुसऱ्या कागदावर फक्त मला सांग, तुझं नाव तुलाच ठेवायला मिळालं असतं तर काय ठेवलं असतंस? कधी ना कधी तू मनात ठेवून पाहिलं असशीलच. 'ज' असलं पाहिजे असं नाही. अर्थ असला पाहिजे असंही नाही. ते नाव तुला कुणी दिलं नाही, म्हणून ते तोंडी घ्यायला एलनुराला कुणाची आडकाठी नाही. मुल्लासाहेब यायच्या आधी मी बाळाला मांडीवर घेईन आणि तेच तिच्या कानात सांगेन. कालिपा माझ्याशी जेवढे दिवस बोलणार नाही तेवढे दिवस न बोलो.